जाणाऱ्याची जागा राखून ठेवा

भंडारा जिल्ह्यातला कामगार परदेशी जातो तो दोनच कारणांनी. इथं काम मिळत नाही, किंवा मिळालेल्या कामात घर चालत नाही. "सहा महिने परक्या देशातल्या कारखान्यात, इस्पितळात, शेतावर काम करून ये. तुझी जागा, तुझी ज्येष्ठता, तुझा पगार आम्ही सांभाळतो. आल्यावर इथलं काम तूच सुधार," असं मशीनवरच्या माणसाला सांगणारा मालक किंवा सरकारी खातं मला या जिल्ह्यात अजून भेटायचं आहे. साहेब मात्र जातात. आठवडाभरात चार शहरं पाहतात, फोटो छापून येतात, अहवाल फायलीला लागतो. साहेबांनी जावं, जरूर जावं. पण ज्याच्या हातात पाना आहे, ज्याच्या हातात सलाईनची सुई आहे, जिच्या हातात धानाचे परे आहेत, त्यांचं नाव यादीत कधीच का नसतं? या आठवड्यात एवढंच विचारायचं आहे.

कामाच्या जागांची अशी देवाणघेवाण जगाला नवी नाही. एका कारखान्यातला कामगार तीन महिने, सहा महिने, फार तर वर्षभर दुसऱ्या देशातल्या तशाच कारखान्यात जातो. तिथल्या पाळीत, तिथल्या फोरमनच्या हाताखाली, तिथल्या नियमांनी काम करतो. नाव मात्र मूळ कारखान्याच्या हजेरीपटावर राहतं. तिकडचा एखादा माणूस त्याच काळात इकडे येतो. मुदत संपली की दोघे आपापल्या जागी परत. दौऱ्यात जे दिसत नाही ते पाळीत कळतं. यंत्रातून वेगळा आवाज आला तर कोण आधी बटण दाबतो, चूक झाली तर ती कुणाला आणि कधी सांगायची, नव्या पोरानं वरिष्ठाला "थांबा" म्हटलं तर त्याचं पुढं काय होतं, रात्रपाळीचा माणूस सकाळपाळीच्या माणसाला नेमकं काय सांगून घरी जातो. ही माहिती पुस्तकात नसते आणि स्वागतसमारंभात तर नसतेच नसते. रोटरीवाल्यांनी 1965 पासून 2013 पर्यंत चार ते सहा आठवड्यांची अशी अभ्यासगटांची देवाणघेवाण चालवली. स्वतः रोटरी सदस्य नसलेले तरुण व्यावसायिक एका देशातून दुसऱ्या देशात जात, आपल्याच धंद्यातल्या माणसांबरोबर राहत आणि त्यांचं काम पाहत. उत्तम उपक्रम होता. पण त्यात वकील, डॉक्टर, शिक्षक, अभियंते दिसायचे. फिटर क्वचितच.

फिटर जाऊ शकत नाही असं कुणाला वाटत असेल तर त्यानं 1941 साल आठवावं. महायुद्ध पेटलेलं, लंडनवर बॉम्ब पडत होते, आणि ब्रिटनचे कामगारमंत्री अर्नेस्ट बेव्हिन हिंदुस्थानातून तरुण कारागीर मागवत होते. बेव्हिन स्वतः कामगार चळवळीतून वर आलेले. पहिल्या तुकडीत 50 जण होते; पुढं तुकड्या जात राहिल्या आणि आकडा शेकड्यांत गेला. आधी लेचवर्थच्या प्रशिक्षण केंद्रात, मग थेट तिथल्या कारखान्यांत. परतल्यावर इथल्या युद्धसाहित्याच्या कारखान्यांत त्यांना कामाला लावायचं, असा बेत होता. साम्राज्याचा त्यात स्वार्थ होता, हे उघड आहे. तरी दोन गोष्टी त्या योजनेत सरळ होत्या: निवड हातानं काम करणाऱ्याची झाली, आणि परतीनंतरचं काम जाण्याआधीच ठरलं. आज ऐंशी वर्षांनंतर, स्वतःच्या देशात, स्वतःच्या सरकारच्या काळात आपल्याला एवढंही जमू नये?

जमलं होतं. आणि तेही भंडाऱ्यापासून फार लांब नव्हे. वरठीला भंडारा रोड स्टेशनवर हावड्याकडे जाणारी गाडी पकडली की तुमसर रोड, गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग आणि मग भिलाई. 2 फेब्रुवारी 1955 ला सोव्हिएत संघाशी करार झाला आणि 4 फेब्रुवारी 1959 ला भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. मधल्या चार वर्षांत नुसत्या विटा रचल्या गेल्या नाहीत. भारतीय अभियंते आणि तंत्रज्ञ सोव्हिएत पोलाद कारखान्यांत जाऊन भट्टीसमोर उभे राहिले, आणि सोव्हिएत तंत्रज्ञ भिलाईच्या धुळीत येऊन राहिले. इकडची माणसं तिकडे, तिकडची इकडे. जो शिकायला गेला त्याला ठाऊक होतं की आपली भट्टी घरी बांधली जाते आहे आणि ती आपल्यालाच चालवायची आहे. शिकण्याला याहून मोठी ओढ कोणती? त्याच सुमाराला फोर्ड फाउंडेशनच्या पैशानं भारतीय पोलाद अभियंत्यांच्या तुकड्या अमेरिकेच्या कारखान्यांतही गेल्या. त्या पिढीनं पुढं देशाचं पोलाद उभं केलं. नियोजन करणाऱ्यांनी माणूस आणि त्याची जागा यांची गाठ आधी बांधली होती, म्हणून ते झालं.

आता खुद्द भंडाऱ्याकडे येऊ. हा जिल्हा परदेशी ज्ञानाच्या वाटेवर कधी नव्हता, असं कुणी समजू नये. 1959 मध्ये फोर्ड फाउंडेशनच्या तज्ज्ञांनी भारताच्या अन्नसंकटावर अहवाल दिला. त्यातून सघन शेती जिल्हा कार्यक्रम निघाला. 1960-61 मध्ये सात जिल्ह्यांत सुरुवात, पुढं एकूण पंधरा. तंजावर, लुधियाना, रायपूर, पश्चिम गोदावरी यांच्या पंगतीत महाराष्ट्रातून एकच जिल्हा बसला, तो भंडारा. तेव्हाचा भंडारा, म्हणजे आजचा गोंदियाही त्यात आला. एकाच जिल्ह्यात बियाणं, खत, कर्ज, सल्ला, सगळं एकदम ओतायचं आणि धान वाढवायचं, अशी ती कल्पना. त्याआधी 1953 पासून देशभर भाताच्या जपानी पद्धतीची मोहीम झालीच होती: गादीवाफ्यावर परे, ओळीत रोवणी, भरपूर खत, कोळपणी. साठच्या दशकात भारत आणि जपानच्या करारानुसार देशात कृषी प्रात्यक्षिक केंद्रं निघाली, त्यातलं एक आपल्या राज्यात खोपोलीला होतं. जपानी शेतीतज्ज्ञ तिथं राहून स्वतः धान पिकवून दाखवत.

हे सगळं चांगल्या हेतूनं झालं. पण ओघ पाहा. तज्ज्ञ आले. आराखडा आला. खत आलं. बांधीतला शेतकरी बांधीतच उभा. साकोली, लाखांदूर, पवनी, मोहाडीच्या रोवणी करणाऱ्या बायांना कुणी जपानच्या शेतावर नेऊन विचारलं नाही, की बाई, तुझ्या चिखलात आणि या चिखलात काय फरक दिसतो? त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. जपानच्या शेताला पाणी हवं तेव्हा मिळतं आणि हवं तेव्हा काढता येतं. आमचं पाणी तलावाच्या तोंडाशी आणि पावसाच्या मर्जीवर. आमचं धान उंच वाढतं, खत जास्त झालं की लोळतं. सुरुवातीच्या वर्षांत देशभरात सघन शेती कार्यक्रमाचा जोर कमी पडला, त्यात खताला न पेलणारे उंच वाण आणि पाण्यावर नसलेला ताबा ही मोठी कारणं होती. फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेचा बुटका आयआर-8 वाण 1966 मध्ये आला, तेव्हा कुठं गणित बदललं. जी गोष्ट रोवणीवालीला चिखलात उभं राहून दिसत होती ती कळायला तज्ज्ञांना वर्षं लागली, कारण ज्ञान एकाच बाजूनं वाहत होतं.

आणि उलट बाजूनं वाहायला इथं काही नव्हतं, असंही नाही. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी दादाजी खोब्रागडे नावाचा शेतकरी होता. शाळा जेमतेम, जमीन जेमतेम. 1983 च्या सुमाराला पटेल-3 या धानाच्या बांधीत त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या निवडून, वर्षानुवर्षं पेरून त्यांनी एचएमटी हा वाण काढला. पुढं आणखी वाण काढले. 2005 मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झाला. 3 जून 2018 ला ते गेले. शेवटची वर्षं आजारपणात आणि पैशाच्या ओढाताणीत गेली. आज झाडीपट्टीत आणि तिच्या पलीकडे कित्येकांच्या ताटात एचएमटी आहे. हा माणूस मनिलाजवळ लॉस बान्योसच्या त्या भात संशोधन संस्थेत सहा महिने संशोधकांच्या खांद्याला खांदा लावून काम करायला जायला हवा होता, आणि तिथला एखादा संशोधक नांदेडच्या बांधीत खरीपभर राबायला यायला हवा होता. दोघांचंही भलं झालं असतं. आपण खोब्रागड्यांना शाल दिली, नारळ दिला. कामाची संधी दिली नाही. हे मला आजही बोचतं.

कारखान्यांचं बघा. भंडारा म्हणजे नुसतं धान आणि तलाव असं बाहेरच्यांना वाटतं. वरठीला सनफ्लॅगचा पोलाद कारखाना आहे, गडेगावला अशोक लेलँड आहे, जवाहरनगरला आयुध निर्माणी आहे, डोंगरी बुजुर्ग आणि चिखल्याला मॉयलच्या मॅंगनीजच्या खाणी आहेत. सनफ्लॅगमध्ये जपानच्या दायडो स्टीलची भागीदारी आहे. अशा नात्यात अभियंत्यांची ये-जा असते, ते रास्तच आहे. माझा प्रश्न त्यांच्या पुढच्या रांगेतल्या माणसाबद्दल आहे. भट्टीसमोर पंधरा-वीस वर्षं उभा असलेला ऑपरेटर, क्रेनवाला, ठेकेदाराच्या हजेरीवर असलेला मेंटेनन्सचा पोरगा: यांची पाळी कधी येणार? जपाननं 1959 मध्येच परदेशी तंत्रज्ञांना आपल्या कारखान्यांत शिकवण्यासाठी एओटीएस ही संस्था काढली. भारतातले पुष्कळ लोक त्या वाटेनं जाऊन आले. 2016 मध्ये जपाननं भारताशी करार करून दहा वर्षांत 30,000 जणांना जपानी धर्तीचं उत्पादनकौशल्य शिकवायचं ठरवलं. दरवाजा आहे. पण इंग्रजीत फॉर्म भरता येणाऱ्यालाच तो दिसतो, आणि वरठीचा ठेक्यावरचा कामगार त्या दरवाजापाशी कुणी घेऊन गेल्याशिवाय पोचणार नाही.

कुणी म्हणेल, जपानला पोरं जातातच की. हो, जातात. तांत्रिक प्रशिक्षणार्थी योजनेतून जातात. ही योजना नीट समजून घेतली पाहिजे, कारण तिचं आकर्षण आपल्या गावागावांत पोचू लागलं आहे. जपाननं ती 1993 मध्ये सुरू केली. हेतू कागदावर सुंदर: गरीब देशांतल्या तरुणांनी यावं, कौशल्य शिकावं, परत जाऊन आपल्या देशाच्या कामी लावावं. भारत 2017 मध्ये करार करून तिच्यात शिरला. प्रत्यक्षात जपानच्या म्हाताऱ्या होत चाललेल्या गावांना, शेतांना आणि छोट्या कारखान्यांना हात हवे होते, आणि ते या वाटेनं मिळाले. सगळ्या देशांचे मिळून चार लाखांच्या घरात तरुण तिथं आहेत. एकदा ज्या मालकाकडे गेलात त्याला सोडून दुसरीकडे जाता येत नाही. येताना अनेकांनी दलालांचे पैसे भरण्यासाठी कर्ज काढलेलं. मालक वाईट निघाला तर सहन करा किंवा पळून जा. 2023 या एका वर्षात नऊ हजारांहून अधिक प्रशिक्षणार्थी आपल्या कामाच्या जागेवरून बेपत्ता झाले. सुखात असलेला माणूस परक्या मुलुखात पळून जात नाही. अखेर जपानच्या संसदेनं जून 2024 मध्ये ही योजना मोडीत काढून 2027 पर्यंत नवी आणण्याचा कायदा केला. नव्या पद्धतीत काही अटींवर मालक बदलता येणार आहे.

जपाननं स्वतःची चूक स्वतः कायद्यानं दुरुस्त करायला घेतली, त्याबद्दल त्या देशाला मान द्यावा. पण आपण काय शिकलो? तिकडून परतलेल्या तरुणाला त्याच कौशल्याचं काम इथं मिळेल, असा एक ओळीचा करार भंडाऱ्यातल्या कुठल्या कारखान्याशी, कुठल्या आयटीआयशी कुणी केला आहे का? तो नसेल, तर त्या पोरानं तीन वर्षं जपानमध्ये वेल्डिंग शिकून यावं आणि इथं परत आल्यावर मोबाइलच्या दुकानात बसावं. अशा योजनेतून जपानला कामगार मिळतो आणि घराला पैसा मिळतो. जिल्ह्याला कौशल्य मिळत नाही.

आता जर्मनी. 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी करार केला. प्रायोगिक तत्त्वावर 10,000 कुशल मनुष्यबळ पाठवायचं ठरलं. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, वाहनचालक आणि आणखी बरेच धंदे. जर्मन भाषेचे वर्ग घ्यायचं ठरलं. त्याच वर्षी जर्मनीनं भारतीय कुशल कामगारांसाठी वर्षाला द्यायच्या व्हिशांची मर्यादा 20,000 वरून 90,000 केली. जर्मनीला माणसं हवीत, यात शंका नाही. आपल्याकडे बेकार तरुण आहेत, यातही नाही. ज्याला कायमचं जायचं आहे त्यानं जावं, सुखानं राहावं, पैसे पाठवावेत. मी त्याच्या वाटेत येणार नाही. पण कौशल्यविकासाचं नाव घेऊन केलेल्या करारात परतीचं कलम कुठं आहे? जिल्ह्याची परिचारिका जर्मनीला गेली तर तिच्या रिकाम्या जागी कोण उभं राहणार?

परिचारिकेचं नाव मी मुद्दाम घेतो आहे. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयातल्या नवजात शिशू कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. सात वाचवता आली. हा जिल्हा ती पहाट विसरणार नाही आणि विसरूही नये. चौकशीत बोट विजेच्या बिघाडाकडे गेलं, निलंबनं झाली, पुढं दोन परिचारिकांवर गुन्हाही दाखल झाला. कुणाची चूक किती, ते न्यायालय ठरवेल. परदेशातल्या प्रशिक्षणानं ती आग टळली असती, असा दावा मी करणार नाही. इमारत, वायरिंग, अग्निशमन यंत्रणा ही सगळी वरच्यांची जबाबदारी होती. पण अशा कक्षात रात्रपाळी करणाऱ्या बाईला आपण काय दिलं होतं? दुसऱ्या कुठल्याही देशातल्या, अगदी दुसऱ्या राज्यातल्या चांगल्या नवजात कक्षात तीन महिने पाळ्या करण्याची संधी कधी मिळते का तिला? एका परिचारिकेकडे किती बाळं असावीत, वॉर्मर किती वेळानं तपासायचा, दोनच मिनिटांत सगळी बाळं बाहेर काढायचा सराव किती दिवसांनी करायचा, धूर दिसल्यावर कुणाच्या परवानगीची वाट पाहायची नाही: हे तिनं चालत्या कक्षात डोळ्यांनी पाहिलं, हातांनी केलं, तर परत येऊन ती डॉक्टरांनाही प्रश्न विचारू शकेल. प्रश्न विचारणारी परिचारिका हीच त्या कक्षाची पहिली सुरक्षा आहे.

मग तिला पाठवत का नाहीत? कारण ती बहुधा कंत्राटी असते. राष्ट्रीय आरोग्य अभियानातली अकरा महिन्यांची नेमणूक, मग खंड, मग नवा आदेश. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 मध्ये अध्ययन रजा आहे, पण ती कायम नोकरदाराला. अकरा महिन्यांवर जगणाऱ्या बाईला सहा महिने बाहेर जाऊन ये म्हणणं म्हणजे नोकरी सोड म्हणणं. कायम असणाऱ्यांचंही फार बरं चाललंय असं नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर 2020 मध्ये ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. जगभर नाव झालं. पुढं अमेरिकेची फुलब्राइट शिष्यवृत्ती मिळाली. जानेवारी 2022 मध्ये त्यांच्या रजेचा प्रश्न एवढा चिघळला की शेवटी शिक्षणमंत्र्यांना त्यात लक्ष घालावं लागलं. त्या प्रकरणात प्रशासनाची बाजूही होती, शाळेतल्या हजेरीचे आक्षेप होते. ते सोडून द्या. जगानं गौरवलेल्या शिक्षकाच्या रजेला मंत्री लागतो, तर लाखनीच्या ग्रामीण रुग्णालयातल्या परिचारिकेच्या रजेला कोण लागेल?

दोन आक्षेप हमखास येतात. पहिला: पाठवलं की तिकडेच राहतात. म्हणून बॉण्ड लिहून घ्या, पाच लाख, दहा लाख. मला हे मान्य नाही. गरिबाच्या डोक्यावर दहा लाखांचा बॉण्ड म्हणजे दलालाच्या कर्जाचाच सरकारी अवतार. माणूस परत यावा असं वाटत असेल तर त्याला परत येण्याचं कारण द्या. वरची श्रेणी, ठरलेली पगारवाढ, आणि शिकून आलेलं इथं लागू करण्याचा अधिकार. परत आलेल्या ऑपरेटरनं "यंत्रावरची ही जाळी काढून ठेवायची नाही" म्हटलं आणि सुपरवायझरनं "तू जपानला होतास, इथं नाहीस" असं उत्तर दिलं, तर तो वर्षभरात पुन्हा जाईल आणि तेव्हा परतणार नाही. बॉण्ड लिहून घ्यायचाच असेल तर मालकाकडून घ्या.

दुसरा आक्षेप खरा आहे. तुमसरच्या राइस मिलमध्ये दहा-बारा माणसं काम करतात. तांदूळ निवडणाऱ्या सॉर्टेक्स यंत्रावर बसणारा एकच. तो सहा महिने गेला तर मिल कशी चालणार? एकट्या मालकाला हे झेपणार नाही, हे मी मानतो. पण तुमसर, मोहाडी, साकोली मिळून मिलवाल्यांनी एकत्र येऊन वर्षाला दोन माणसं पाठवली, त्यांच्या जागी आयटीआयची दोन मुलं शिकाऊ म्हणून घेतली, आणि परतलेल्यानं सगळ्या मिलमध्ये फिरून शिकवलं, तर झेपतं. थायलंड आणि व्हिएतनाम तांदळाच्या बाजारात आपल्याशी स्पर्धा करतात. त्यांच्या मिलमध्ये कणी किती पडते, उकडा तांदूळ वाळवताना भुसा किती जळतो, हे आपल्या मिलमधल्या माणसानं पाहून यावं. मालकानं पाहिलं तर तो नवं यंत्र विकत घेईल. कामगारानं पाहिलं तर तो आहे त्याच यंत्राचं सेटिंग बदलेल. दुसरं कितीतरी स्वस्त पडतं.

भाषेची अडचण फार मोठी करून सांगितली जाते. झाडीबोलीत वाढलेली आपली पोरं भिलाईत छत्तीसगढी शिकली, आखातात जाऊन मोडकंतोडकं अरबी बोलू लागली. ज्याचं काम हातात असतं तो काम बघून निम्मं शिकतो. उरलेल्यासाठी चार महिने संध्याकाळचा वर्ग पुरे. तो वर्ग भंडाऱ्यात, साकोलीत, तुमसरमध्ये हवा. नागपूरला रोज जाऊन-येऊन भाषा शिकणं पाळी करणाऱ्याला शक्य नाही.

देवाणघेवाण म्हटलं की येणाराही हवा. भंडाऱ्यात कोण येणार, असं विचारणाऱ्यानं आपला जिल्हा पाहिलेला नाही. कोहळी समाजानं शेकडो वर्षांपूर्वी बांधलेले तलाव, आजचे माजी मालगुजारी तलाव, अजून धान भिजवतात. उतार पाहून पाळ कुठं घालायची आणि जास्तीचं पाणी पुढच्या तलावात कसं सोडायचं, हे त्यांनी यंत्राविना साधलं. पाऊस लहरी झालेल्या जगात या विद्येला किंमत आहे. ढिवर समाजाच्या बायका तलावातली स्थानिक मासळी आणि पाणवनस्पती परत आणण्यासाठी राबतात, ते शिकायला मत्स्यशास्त्राची माणसं आली पाहिजेत. आंधळगाव आणि मोहाडीकडे कोशाचं विणकाम होतं. तिथल्या मागावर परदेशी विणकर बसला तर त्याला नवं मिळेल. आणि जर्मन परिचारिकेला आपल्या ग्रामीण रुग्णालयात खरिपाचे तीन महिने काढू द्या. सर्पदंशाचा रुग्ण पहिल्या अर्ध्या तासात कसा सांभाळायचा, सिकलसेलच्या वेदनेत तळमळणारं पोर कसं शांत करायचं, हे इथली परिचारिका तिला शिकवेल. ज्या दिवशी ती शिकवेल त्या दिवशी तिला आपल्या ज्ञानाची किंमत कळेल, आणि तिच्या साहेबालाही.

पैसा कुठून, हा शेवटचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर जिल्ह्यातच आहे. 2015 च्या खाण कायद्यातल्या दुरुस्तीनंतर खाणी असलेल्या जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठानं स्थापन झाली. खाणवाल्यांकडून आलेला निधी खाणबाधित भागांवर खर्च करायचा, आणि त्यातला मोठा वाटा पाणी, आरोग्य, शिक्षण, महिला-बालकल्याण, कौशल्यविकास अशा अग्रक्रमाच्या कामांवर, हे केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलेलं आहे. आरोग्यही त्यात आहे, कौशल्यही त्यात आहे. या निधीतून रस्ते आणि सभामंडप फार झाले. डोंगरी बुजुर्ग आणि चिखल्याच्या आसपासच्या गावांतल्या मुलींनी परिचारिकेचं शिक्षण घेतलं असेल, तर त्यांना परदेशातल्या नवजात कक्षात किंवा खाणकामगारांच्या रुग्णालयात सहा महिने काम करायला पाठवणं, हा त्या पैशाचा अधिक चांगला उपयोग आहे. मोठ्या कारखान्यांनी आपल्या सामाजिक दायित्वाच्या निधीतून, आणि त्याहून चांगलं म्हणजे आपल्या स्वतःच्या प्रशिक्षणाच्या खर्चातून, ठेक्यावरच्या कामगारांचा वाटा उचलावा.

जिल्हाधिकारी आणि पालकमंत्र्यांना माझी विनंती आहे. खनिज प्रतिष्ठानच्या पुढच्या बैठकीत दहा माणसांचा प्रस्ताव ठेवा. त्यात अर्ध्या परिचारिका असू द्या, त्यातही कंत्राटी. बाकी भट्टीवरचे, मिलमधले, खाणीतले, आणि धानाची रोवणी करणारी निदान एक बाई. प्रत्येक नावापुढं ते कुठं जाणार हे नंतर लिहा. आधी हे लिहा की परत आल्यावर त्यांची जागा कोणती, पगार किती, आणि कुणाला शिकवण्याची जबाबदारी त्यांच्यावर आहे. तो रकाना रिकामा असेल तर प्रस्ताव मंजूर करू नका. आणि वाचकांनो, तुमच्या घरात, तुमच्या पाळीत, तुमच्या वॉर्डात असा माणूस असेल तर त्याचं नाव कागदावर लिहून जिल्हाधिकारी कार्यालयात द्या. आवक क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय परत फिरू नका.